आत्याशेजारची खुर्ची

माझ्या आत्याचा हात मे महिन्यातही गार असायचा. आमच्या कोपर गावचा मे महिना म्हणजे खाडीवरून येणारा वारासुद्धा इडलीच्या भांड्याचं झाकण काढल्यासारखा तोंडावर येतो. लाईट गेली की अख्खी बिल्डिंग खाली येऊन पेपरने वारा घेत बसते. अशात आत्या शाल गुंडाळून बसलेली असायची आणि पंखा लावू द्यायची नाही. पाया पडायला वाकलं की ती डोक्यावर हात ठेवायची आणि तो गारवा केसांतून मानेपर्यंत उतरायचा. माझ्या लहानपणी असं नव्हतं हं. तेव्हा तिचा हात कडक होता, पाठीत धपाटा बसला की संध्याकाळपर्यंत लक्षात राहायचा.

आम्ही इथलेच, मूळचे. वडलांपर्यंत भातशेती आणि मिठागर, मग जमिनीचे भाव वाढले आणि जुन्या घराच्या जागी आमची चार मजली बिल्डिंग उभी राहिली. पहिल्या मजल्यावर माझा मोठा भाऊ आणि वहिनी, वर भाडेकरू, आणि तळमजल्यावर रस्त्याकडच्या खोलीत आत्या. म्हणजे वडलांची बहीण. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही, तेव्हा वडलांनी तिला घरी आणली ती कायमची.

आमच्यात लग्नात धवले म्हणायला बाई लागते. तिला धवलारीण म्हणतात. हळदीपासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक कामाचं गाणं तिला पाठ असतं, आणि तिचं म्हणून होत नाही तोवर पुढचं काम होत नाही. आत्या धवलारीण होती. आवाज बारीक आणि टोकदार. कोणी हातात माईक दिला तर म्हणायची, "मना कशाला यो कनीस?" आणि बाजूला सारायची. खरंच गरज नसायची. आम्ही पोरं रेल्वेलाईनपलीकडे खेळत असलो तरी ऐकू यायचं.

मग तो आवाज जाड होत गेला. एकदम नाही, एका लग्नसराईपासून दुसरीपर्यंत, हळूहळू. शब्द यायला वेळ लागायला लागला, जणू प्रत्येक शब्द खालच्या मजल्यावरून उचलून आणायचाय. एका हळदीला ती मध्येच थांबली. तोंड उघडं, डोळे उघडे, हात परातीतल्या हळदीत तसाच. सगळा मांडव तिच्याकडे बघत उभा. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "दमले मी," आणि मागच्या खुर्चीत बसली. त्या लग्नात ती परत उठली नाही. त्यानंतरही जेवायला, अंघोळीला आणि झोपायला सोडलं तर उठलीच नाही म्हणा.

आजारी आहे असं कोणी म्हटलं नाही. ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखत नाही, मग आजार कसला? दमलीय, एवढंच. आणि तेवढ्यात बायका यायला लागल्या. लग्नघरात दिवसभर राबलेली कोणीतरी तिच्या पायाशी टेकली, तिचा गार हात कपाळावर धरला, आणि उठून म्हणाली की बाई, माझा सगळा शीण गेला. झालं! आत्या शीण घेते, असं गल्लीभर झालं. कामावरून येणाऱ्या बायका पिशव्या खाली ठेवून तिच्याजवळ बसायच्या. नवऱ्या मुलींना हळदीच्या आदल्या दिवशी तिच्याकडे आणायचे. उन्हातून आलेल्या बाईला गार हात धरून थोडा वेळ गप्प बसायला मिळालं की बरं वाटणारच, त्यात कसला आलाय चमत्कार! पण हे मी आता म्हणतेय. तेव्हा मीही कळव्याहून माहेरी आले की आधी तिच्याजवळ बसायची. बसलं की खरंच हलकं वाटायचं.

"इतक्या जणींचा शीण घेतल्यावर माणूस दमणार नाही तर काय नाचणार?" वहिनी म्हणायची. ती दारात बसून तांदूळ निवडत असायची आणि निवडता निवडता चार दाणे तोंडात टाकायची. दिवसभर तिचं तोंड चालू. आम्ही तिला चिडवायचो, अगं, भात शिजेपर्यंत तरी थांब. आत्याचं सगळं वहिनीच करायची. वेणी घालायची, घास भरवायची, आणि एकदाही तोंड वाकडं करायची नाही. प्रेम होतं हो तिच्यात. आत्या का दमते याचं उत्तर त्या घराला एकदा मिळालं होतं, आणि ते सगळ्यांना आवडलंही होतं. मग दुसरं कोण कशाला शोधेल?

मी शाळेत गणित शिकवते. ठाण्याला शाळा, कळव्याला घर, दोन मुली, सासूबाई. दमायला कारणं भरपूर होती, त्यामुळे दमायला लागले तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. कोण दमत नाही? पण दमणं वेगळं आणि हे वेगळं, ते फार उशिरा कळलं. दमलेला माणूस झोपला की भरून येतो. मी झोपायची आणि उठताना झोपायला गेले होते त्यापेक्षा जास्त दमलेली असायची. रविवारी दुपारभर झोपले तरी तेच. झोप म्हणजे कोणीतरी माझ्याकडून काहीतरी काढून घेण्याची वेळ, असं वाटायला लागलं. अंगात शिसं ओतल्यासारखं. जिना चढताना मधल्या वळणावर मी उगाच मोबाईल काढून बघायची, लोकांना वाटावं मेसेज आलाय.

घसा बसायला लागला. मास्तरणीचा घसा, बसणारच. केस गळायला लागले. पाणी खराब. वजन वाढलं, ते तर वयच झालं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे वेगळं कारण तयार. गणिताची शिक्षिका ना मी! सगळी उदाहरणं सुटी सुटी सोडवली, बेरीज केलीच नाही. नवरा एकदा चहा पिता पिता टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "तुझ्या भुवया अर्ध्या कुठे गेल्या गं?" आरशात पाहिलं तर खरंच, बाहेरची टोकं विरळ झालेली. चेहरा सुजल्यासारखा. मी पार्लरवालीवर खापर फोडलं आणि विषय संपवला.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि म्हणाले, स्ट्रेस आहे मॅडम, मॉर्निंग वॉक करा. वॉक! इथे निऱ्या घालता घालता मला पलंगावर टेकावं लागत होतं. पण मी भांडले नाही. भांडायलाही जोर लागतो. आणि मी न भांडता कुठून तरी परत आले, याचं घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं.

मग वर्गात ते झालं. फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता मी थांबले. किती वेळ, मला माहीत नाही. मागे सगळं शांत होतं. नववीचा वर्ग शांत! मी वळले तर सगळी पोरं माझ्याकडे बघत होती, खोडसाळपणे नाही, घाबरून. माझा हात वर, खडू फळ्याला टेकलेला, आणि मला पुढची पायरी आठवत नव्हती. मला परातीतली हळद आठवली. तो हात, ते उघडं तोंड.

त्याच आठवड्यात माझा मोबाईल बिघडलेला म्हणून मी स्टाफरूममधल्या एका मैत्रिणीच्या फोनवरून वहिनीला फोन लावला. "मी बोलतेय गं," एवढंच म्हटलं. मग वहिनी दबक्या आवाजात म्हणाली, "आत्या? कोणाचा फोन घेतलात?"

"अगं मी आहे, मी!"

तिच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाली, "मग समोर कोण बसलंय?" आणि तिने फोन ठेवून दिला.

नंतर आम्ही त्यावर हसलो. म्हणजे मी हसले. वहिनीने फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मला एक गोष्ट दिसली जी मला अजिबात आवडली नाही. आदर. नणंदेकडे वहिनी असं बघत नसते, निदान आमच्याकडे तरी नाही.

पुढच्या वेळी गेले तेव्हा आत्याच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या.

आत्याची नेहमीची लाकडी, आणि तिच्या शेजारी तशीच दुसरी, माळ्यावरून काढून पुसून ठेवलेली. तिच्या पाठीवर घडी घातलेली नवी शाल. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी विचारलं, "ही कोणासाठी?" वहिनी तांदळातला खडा काढत म्हणाली, "बसा ना ताई. दमून आलात."

कोणी दुष्टपणा केला असता तर मी दोन शब्द सुनावले असते. पण तिने ती खुर्ची इतक्या मायेने ठेवली होती की काय बोलणार? मी बसले. शाल ओढली. आणि सगळ्यात भयंकर गोष्ट सांगू? मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. आता कोणी काही विचारणार नाही, कुठे जायचं नाही, काही सिद्ध करायचं नाही. आत्या एका बाजूला, मी एका बाजूला, दोघी रस्त्याकडे बघत. शेजारची एक बाई आली, पिशवी ठेवली, सवयीने आत्याच्या पायाशी बसली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने माझा हात हातात घेतला, कपाळाला लावला आणि डोळे मिटून म्हणाली, "यांचा पन गार हाय."

मला हात काढून घेता येत नव्हता. येत नव्हता म्हणजे, काढावा हे मनात येऊन तो हलेपर्यंत मध्ये खूप मोठं अंतर होतं.

तेवढ्यात आत्याने मान वळवली. एवढंच करायला तिला किती वेळ लागला म्हणून सांगू. सुजलेल्या पापण्यांमागून तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले, आणि त्या जाड, खोल गेलेल्या आवाजात ती म्हणाली, "उठ गो."

"काय आत्या?"

"हितं नको. उठ."

मी उठले. खोटं कशाला सांगू, भीतीने उठले. स्टेशनवर येऊन बाकावर बसले आणि मोठ्याने रडले. कोणाला काय वाटेल ते वाटो.

मैत्रिणीने ठाण्यातल्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. त्यांनी आधी काहीच लिहून दिलं नाही, नुसतं विचारत बसल्या. झोप लागते का, घोरतेस का, झोपून उठल्यावर बरं वाटतं का? पाळीत जास्त जातं का? कच्चे तांदूळ, बर्फ, माती असलं काही खावंसं वाटतं का? मी म्हटलं, हे काय भलतंच! त्या म्हणाल्या, रक्त कमी असलं की बऱ्याच बायकांना वाटतं. मन उदास आहे का, जगू नये असं वाटतं का, तेही त्यांनी तितक्याच साधेपणाने विचारलं. "थकवा म्हणजे तापासारखं असतं," त्या म्हणाल्या. "ताप शंभर कारणांनी येतो, म्हणून आपण नुसता ताप आहे म्हणून सोडतो का? रक्त, साखर, किडनी, हृदय, झोप, मन, काहीही असू शकतं. कधी नुसती दगदगही असते, नाही असं नाही. पण ते सगळ्यात शेवटी म्हणायचं, सगळ्यात आधी नाही."

मग त्यांनी मला खुर्चीवर गुडघे टेकायला लावलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटा हातोडा मारला. पाय उडाला. पण परत येताना तो सावकाश, विचार करत करत आला, माझा नसल्यासारखा. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

रिपोर्टमध्ये थायरॉईड निघाला. गळ्यातली ती एवढीशी ग्रंथी मंदावली की अख्खं शरीर मंदावतं, आवाजसुद्धा. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, चहा त्यानंतर थोड्या वेळाने, बास. इतके महिने मी ज्या ओझ्याखाली चिरडून जात होते त्याला एवढीशी पांढरी गोळी पुरणार, याचा मला संतापच आला. निघताना बाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे का? हे रक्ताच्या नात्यात चालत येतं."

"नाही हो," मी म्हटलं. दाराची कडी हातात होती. आणि माझ्याच जाड आवाजाने ते "नाही हो" मला परत ऐकू आलं.

मी परत येऊन बसले आणि सगळं सांगितलं. हळद, शाल, गार हात, पापण्या. बाईंचा चेहरा बदलला. "इतकी वर्षं?" त्या म्हणाल्या. "लगेच घेऊन ये. अशी माणसं एखाद्या साध्या सर्दीच्या निमित्ताने झोपतात आणि मग उठत नाहीत."

दादाशी मात्र कडाक्याचं भांडण झालं. "तिला काय झालंय? ती बसलीय, शांत आहे. आता म्हातारपणी सुया टोचणार?" मी म्हटलं, शांत नाही रे, ती विझत चाललीय. गेल्या थंडीपासून घास तोंडात तसाच ठेवून ती झोपून जायची, वहिनीनेच सांगितलेलं. मग तो म्हणाला, "आणि आपण मिठागरातली माणसं. जन्मभर मीठ खाल्लं. आपल्याला कसला थायरॉईड?" हे त्याचं हुकमाचं पान. मला माहीत नव्हतं, मी बाईंना फोन करून विचारलं. समुद्राच्या साध्या मिठात आयोडीन नावापुरतंच असतं, पाकिटातल्या मिठात ते वरून घालतात. आणि आमच्यात तर मिठाचा प्रश्नच नव्हता, शरीर आपलंच आपल्या ग्रंथीवर उलटलेलं. दादाला ते फारसं पटलं नाही. शेवटी मी म्हटलं, "ठीक आहे, मग दुसऱ्या खुर्चीवर मी बसते. उद्यापासून. मला पण घास भरव." तो माझ्या भुवयांकडे बघत राहिला. मग गाडीची चावी घेऊन खाली गेला.

आत्याचा आकडा बघून लॅबवाल्याने तपासणी परत केली. वय झालेलं, म्हणून बाईंनी आधी ईसीजी काढला आणि मग गोळीची अगदी बारीक मात्रेने सुरुवात केली. बाई म्हणाल्या, घाई करायची नाही. गल्लीतल्या बायका नाराज झाल्या. एक तर मला तोंडावर म्हणाली, आता आमचा शीण कोण घेईल? मी म्हटलं, नवऱ्याला भांडी घासायला लाव.

पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. मग एक दिवस वहिनीचा फोन आला, आवाज कापत होता. "ताई, आत्यांनी शाल काढून टाकली. म्हणतात पंखा लाव." पुढे ती स्वतःच्या हाताने जेवायला लागली. पापण्या उतरल्या आणि आत जुने, खवचट डोळे होते तसेच निघाले. मला त्यांची भीती वाटायची, का ते कळत नव्हतं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण ती ज्या तऱ्हेने खोलीभर बघायची, भिंतीकडे, दादाच्या पांढऱ्या केसांकडे, स्वतःच्या हातांकडे, त्याने माझ्या अंगावर काटा यायचा.

एका संध्याकाळी आम्ही तिघी तिच्या खोलीत होतो. बाहेर कोणाच्या तरी हळदीचा डीजे लागलेला. आत्या पलंगावर बसून ऐकत होती. मग तिने विचारलं, "धवले कोन म्हणतंय आता?"

वहिनी म्हणाली, "कोणी नाही आत्या. म्हणणारं कोणी उरलं नाही. फोनवर लावतात."

मग आमच्या दोघींकडे बघत, रागाने नाही, खरोखर कळत नाही म्हणून विचारावं तसं आत्याने विचारलं, "मना कोनी उठवला का नाय?"

डीजे वाजत होता. वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतकी वर्षं घास भरवलेले, वेण्या घातलेल्या, ते सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं. ती भिंतीचा आधार घेत मागे सरकली आणि त्या रिकाम्या लाकडी खुर्चीत बसली. "पाय गळाले गो माझे," ती म्हणाली. "जरा टेकते." ओठ पांढरे पडलेले. मी ते ओठ कितीतरी वर्षं बघत होते.

आत्या उठली. पलंगाचा काठ धरून, एक पाऊल, दुसरं. वहिनीसमोर उभी राहिली आणि तिचा दंड धरला.

"उठ," ती म्हणाली. "कच्चं तांदूल खातंस तू. रोज. बाजारातून आलीस का दार धरून उभी ऱ्हातंस. मी बघत व्हते गो. सगळा बघत व्हते. तोंडात शब्द येत नव्हता."

मला डॉक्टरबाईंचा प्रश्न आठवला. मी तो प्रश्न ऐकला होता. मी तिला तांदळावरून चिडवतही होते.

वहिनी तिच्याकडे बघत होती. मग तिने दुसऱ्या हाताने दंडावरचा तो हात चाचपला, आणि माझ्याकडे वळून लहान पोरीसारखं म्हणाली, "ताई, यांचा हात गरम आहे."

"उठ," आत्या म्हणाली, आणि ओढलं तिला.